व्हिक्टोरिया क्रॉस : किताब की पदक?

ब्रिटिश सेनानी फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याविषयी लिहिताना ‘त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान) हा किताब मिळाला’ असे म्हणावे की ‘हे पदक मिळाले’ असे, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. माझ्या मते येथे ‘पदक’च योग्य आहे.

किताबाने माणसाचा दर्जा बदलतो आणि तो नावाला चिकटतो. ‘रावबहादूर’ हा तसा किताब होता. रॉबर्ट्स १८९२ मध्ये बॅरन आणि १९०१ मध्ये अर्ल झाले (हे ब्रिटिश सरदारकीचे दर्जे), तेथे ‘किताब’ शोभतो. व्हिक्टोरिया क्रॉसचे तसे नाही. नावापुढे ‘व्ही.सी.’ लावण्याचा मान त्याने मिळत असला, तरी तो दिला जातो तो शत्रूसमोर केलेल्या विशिष्ट कृत्यासाठी. १८५७ च्या उठावातील लढाईत, २ जानेवारी १८५८ रोजी खुदागंज येथे बंगाल तोफखान्यातील लेफ्टनंट रॉबर्ट्स यांनी निशाण घेऊन निघालेल्या दोन उठावकरी शिपायांना गाठले, त्यांपैकी एकाने अंगाला बंदूक भिडवून चाप ओढला असता बार उडाला नाही, आणि रॉबर्ट्स यांनी निशाण हस्तगत केले. त्याच दिवशी त्यांनी एका स्वाराचा जीवही वाचवला होता.

मराठीत ‘पदक’ म्हणजे मुळात गळ्यातील माळेच्या मध्यभागी, छातीवर रुळणारा दागिना. किरमिजी फितीला अडकवून छातीवर लावायच्या या कांस्य क्रॉसला तो शब्द सहज लागू पडतो. अडचण एवढीच, की मोहिमेत सहभागी झालेल्या सर्वांना मिळणारे मेडलही मराठीत ‘पदक’च ठरते. रॉबर्ट्स यांना अफगाण युद्धाचे तसे मेडलही मिळाले होते, आणि राणी व्हिक्टोरिया यांनी ते त्यांच्या व्होनोलेल या घोड्यालाही दिले होते! म्हणून व्हिक्टोरिया क्रॉसला ‘शौर्यपदक’ आणि अशा मेडलला ‘मोहीम-पदक’ म्हणावे, म्हणजे घोटाळा होत नाही. ‘क्रूस’ मात्र वापरू नये, कारण त्या शब्दाला मराठीत धार्मिक अर्थ घट्ट चिकटलेला आहे.

लिंगाबाबत एवढेच, की ‘व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला’ असे पुल्लिंगी आणि ‘व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळाले’ असे नपुंसकलिंगी, ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पराक्रमासाठी हेच पदक मिळालेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्याविषयी लिहितानाही हाच नियम पाळावा.

आणखी एक सुचवावेसे वाटते. १८५७–५८ च्या लढायांसाठी दिलेल्या मेडलच्या अधिकृत नावात ‘म्युटिनी’ हा शब्द आहे, तो विशेषनामाचा भाग म्हणून तसाच ठेवावा. परंतु आपल्या स्वतःच्या वाक्यात ‘बंड’ न लिहिता ‘उठाव’ लिहावे, कारण खुदागंजला निशाण राखू पाहणारे ते दोन शिपाईही लढत होतेच.