तारे लांबट का येतात?

प्रश्न: माझ्याकडे 80 मिमी व्यासाची, 480 मिमी नाभीय अंतराची दुर्बीण, मोटरचं विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवणारा स्टँड) आणि डीएसएलआर आहे. गाइडिंग (तारा सतत पाहत माउंटची गती आपोआप सुधारणं) नाही. ध्रुवतारा पोलर स्कोपच्या (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीच्या) फुलीवर अगदी मधोमध आणतो, तरी देवयानी दीर्घिकेच्या दोन मिनिटांच्या फोटोत तारे लांबट येतात. मध्यरात्रीनंतर तर फुगतातही. काय चुकतं?

उत्तर: चूक त्या ‘मधोमध’मध्येच आहे. ध्रुवतारा म्हणजे खगोलीय ध्रुव (ज्या बिंदूभोवती आकाश फिरताना दिसतं तो) नव्हे; तो ध्रुवापासून सुमारे 40 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बाजूला आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहूनही जास्त. माउंटचा अक्ष ध्रुवापासून एक कला ढळला, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो. 40 कलांना दोन मिनिटांत 20 विकला झाल्या. कॅमेऱ्याचे पिक्सेल 4.3 मायक्रॉनचे धरले तर तुमच्या दुर्बिणीवर एका पिक्सेलला 1.85 विकला येतात, म्हणजे तारा दहा-अकरा पिक्सेल ओढला जाणार. ध्रुवतारा फुलीवर नको, पोलर स्कोपमधल्या वर्तुळाच्या रेषेवर हवा. त्या वेळी रेषेवर नेमका कुठे, ते मोबाइलचं ॲप दाखवतं.

अक्ष ध्रुवाशी जुळवण्याचं हे काम, म्हणजे अलाइनमेंट, सगळं सामान चढवून झाल्यावरच करा. ट्रायपॉडचे पाय शक्यतो आखूड ठेवा. आधी काउंटरवेट, मग दुर्बीण (उलट केलंत तर माउंट कलंडू शकतं), मग कॅमेरा, ड्यू हीटर (भिंगावर दव पडू न देणारी गरम पट्टी), केबली. फोकस अंदाजे लावून मग दोन्ही अक्षांचा तोल साधा, कारण फोकसरची नळी बाहेर आली की तोल बदलतो. वजनाने पाय मातीत रुततात. घाईने आधीच केलेलं अलाइनमेंट तिथेच वाया जातं.

एवढं करूनही काही फ्रेम सुरेख आणि काही पूर्व-पश्चिम लांबट आल्या, तर दोष माउंटच्या वर्म गिअरचा (मोटरने अक्ष फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा). तो प्रत्येक फेरीत थोडा पुढे-मागे होतो. खरा इलाज गाइडिंग. तोवर दोन मिनिटांच्या 60 फ्रेमऐवजी 30 सेकंदांच्या 240 घ्या: प्रकाश तेवढाच जमतो, रीड नॉइज (प्रत्येक फ्रेम वाचताना कॅमेऱ्यातूनच येणारा दाणेदारपणा) थोडा वाढतो, पण गोल तारे त्याहून मोलाचे.

फुगण्याचं कारण बहुधा थंडी. तापमान उतरलं की नळी आकसते आणि फोकस सरकतो. बाहतिनोव्ह मास्क (चिरांची जाळी, तिने ताऱ्यातून तीन रेघा निघताना दिसतात) दुर्बिणीच्या तोंडावर लावून ठळक ताऱ्याची मधली रेघ दोन तिरक्या रेघांच्या बरोबर मध्ये आणा, मास्क आठवणीने काढा, आणि तासाभराने पुन्हा तपासा. मात्र ठळक ताऱ्यांभोवती धूसर वलय दिसत असेल आणि मंद तारे हळूहळू नाहीसे होत असतील, तर भिंगावर दव आहे. ड्यू हीटर अंधार पडताच चालू करावा. दव पडलंच तर भिंग पुसू नका, कोटिंगवर चरे पडतात. हीटर वाढवा आणि ते आपोआप उडेपर्यंत थांबा.