बांधावरचा वठलेला निंब तोडला तर दादरवरचे (रब्बी ज्वारीवरचे) पोपट कमी होतील का?

नाही होणार. झाड जाईल, पोपट राहतील.

तुम्ही म्हणता, दादर चिकात आली, म्हणजे दाण्यात दूध भरलं, की थवा उतरतो, निंबाच्या ढोलीतही पोपट ये-जा करतात, म्हणजे मूळ तिथेच. हाच हिशोब मांडून आमच्या भावकीत बांधावरची जुनी झाडं आडवी झाली आणि त्यावरून आजही धड बोलणं नाही. म्हणून लांबण लावतोय. हाकलायचं कसं ते शेवटी आहे, घाई असेल तर थेट तिथे जा.

ढोलीत असते एक जोडी. पिकावर येतो तो थवा, आणि तो येतो रातथाऱ्यावरून. गावाजवळच्या एखाद्या वडा-चिंचेवर संध्याकाळी शेकड्यांनी पोपट जमतात, साळुंक्या-कावळ्यांशी भांडत रात्र काढतात आणि पहाटे तिथून पाच-दहा किलोमीटरवरच्या शिवारात सहज पोचतात. तुमचा निंब त्यांना खाली उतरण्याआधी टेहळायला लागतो एवढंच. तो नसला तर विजेची तार आहेच.

थवा जरा नीट बघा. कंठवाले थोडेच दिसतील. बाकीच्या सगळ्या माद्या, असं पारावर छातीठोक सांगतात, ते चूक आहे. नराला काळा-गुलाबी कंठ तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला धरतो, तोवर तो मादीसारखाच दिसतो. म्हणजे त्या बिनकंठवाल्यांत कोवळे नरही असतात, आणि त्यांचा यंदाच्या कुठल्याच ढोलीशी संबंध नसतो.

आता ढोलीतल्या जोडीचं. डिसेंबरपासून ती जागा बघत फिरते, अंडी बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये. भोक बहुधा आयतं असतं, सुतार पक्ष्याने किंवा कुटुर्ग्याने कोरलेलं. पोपट त्याचं तोंड कुरतडून रुंद करतो. आत काडी-गवत काही नेत नाही, लाकडाच्या भुशावरच ३-४ पांढरी अंडी. मादी सगळी अंडी होईपर्यंत थांबत नाही, आधीच बसते, त्यामुळे पिल्लं पुढे-मागे फुटतात आणि अन्न कमी पडलं तर धाकटं आधी मरतं. उबवणीला २२ ते २४ दिवस, मग पिल्लं उडायला सहा-सात आठवडे. उबवणीच्या काळात नर बाहेरून चरून येतो आणि पोटातलं ओकून मादीला भरवतो. पक्षी सव्वाशे ग्रॅमचा. अशा एका जोडीने तुमची दादर बुडत नाही.

खरं नुकसान खाण्यापेक्षा टाकण्याने होतं. पोपट कणसाचा तुकडा तोडून पायात धरतो, दोन-चार दाणे फोडतो, उरलेला खाली सोडतो आणि नवा तोडतो. शंभर पोपटांनी हे सकाळभर केलं की बांधालगतच्या ओळी बोडक्या.

आणि ढोली फक्त पोपटाची नसते. ती रिकामी झाली की साळुंकी घुसते, कुठे पिंगळा, म्हणजे लहान घुबड, बसतो. पिंगळा उंदीर आणि किडे खातो. झाड तोडून उंदराचा वैरी घालवायचा आणि मग उंदरासाठी औषध आणायचं, याला शहाणपण म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला ११३ वर्षांनी पुन्हा सापडलेला रानपिंगळाही जुन्या झाडांच्या ढोलीतच घरटं करतो. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट तर आणखी जाड खोड मागतो. पिल्लं चोरणारे कुऱ्हाडीने ढोलीचं तोंड फोडतात, ती पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही. पोपट पकडणं, विकणं, पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे इथे कुणाला ठाऊक नाही असं नाही.

आता उपाय. दाणा चिकात यायच्या आधी सुरुवात करा; चव लागल्यावर हटवणं अवघड जातं. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चंदेरी अशी चमकणारी फीत मिळते. पिकाच्या फूटभर वर, साधारण १० मीटरवर खुंट्या रोवून, उत्तर-दक्षिण बांधा आणि मध्ये तीन-चार पीळ द्या. पीळ दिला नाही तर ती वाऱ्यावर फिरत नाही, चमकही पडत नाही. आठ-पंधरा दिवसांत पोपट सरावतात, म्हणून पेरणीपासून लावून ठेवू नका. फटाक्यांचंही तेच होतं. मका असेल तर कडेच्या तीन-चार ओळींत कणसाभोवती त्याच ताटाचं हिरवं पान गुंडाळा. कंटाळवाणं काम आहे, पण पोपट कडेनेच घुसतो म्हणून उपयोगी पडतं. राखणीला माणूस दिवसभर नको. उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत पुरे. जाळी टाकून धरायच्या भानगडीत पडू नका, त्यात होले-चिमण्याही मरतात.

हे सगळं करूनही शिवारात एकट्या तुमचीच दादर असेल तर थोडा मार बसणारच. चार शेतकऱ्यांनी एका वेळी पेरली तर तो वाटला जातो.

आणि झाड वाटेवर किंवा गोठ्यावर कलंडलेलं असेल तर मात्र हट्ट करू नका, माणसं-गुरं आधी. परवानगी काढा, पिल्लं उडून जाऊ द्या, जूनमध्ये शेंडा आणि फांद्या उतरवा. ढोली असलेलं खोड दहा-बारा फुटांचं उभं राहिलं तरी चालतं.