उभी गाडी, उतरलेली बॅटरी

यावेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. हौसेने घेतलेली गाडी महिनोन्महिने उभी असते आणि ज्या दिवशी काढायची, त्या दिवशी ती हूं की चूं करत नाही. नागपुरात यात उन्हाची भर पडते, म्हणून उत्तरं इथल्या हवामानाला धरून देतोय.

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांसाठी जर्मनीला गेलाय. त्याची मस्टँग जीटी बंगल्यामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. ‘बाबा, दर रविवारी दहा मिनिटं चालू करत जा’ असं सांगून गेलाय. तेवढं पुरेल ना? (धरमपेठ)

नाही पुरणार. साधा हिशेब करा. गाडी बंद असली तरी अलार्म, किल्लीचा रिसीव्हर आणि कॉम्प्युटरची मेमरी जागीच असतात. त्यापायी ५० मिलिअँपिअर जातात असं धरा. धडधाकट गाडीतही एवढे जाऊ शकतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर आणि आठवड्याला साडेआठच्या आसपास. आता दहा मिनिटं उभ्या गाडीचं इंजिन चालवून बॅटरीत २० अँपिअर गेले असं अगदी सढळ हाताने मानलं, तरी जमा होतात सव्वातीन. स्टार्टर खाईल ते वेगळंच. दर रविवारी पाचाचा तोटा, म्हणजे ६० अँपिअर-अवरची बॅटरी तीन महिन्यांत खडखडीत रिकामी.

इंजिनाचंही भलं होत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी वीसेक किलोमीटर धावली तर ते सायलेन्सरमधून निघून जातं. दहा मिनिटांत सायलेन्सर नीट तापतच नाही, पाणी आतच साचतं आणि गंज धरतो. थंड इंजिन पेट्रोलही जास्त पितं, त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. तेव्हा एक तर गाडी नीट फिरवून आणा, नाहीतर हातच लावू नका.

करायचं ते हे. चार्ज कायम राखणारा स्मार्ट चार्जर, ज्याला मेंटेनर म्हणतात, तो लावून ठेवा. तो बॅटरी पूर्ण भरतो आणि मग १३.५ व्होल्टच्या आसपास नुसती धरून ठेवतो. इन्व्हर्टरच्या दुकानात मिळणारा साधा चार्जर यासाठी चालत नाही. तो थांबत नाही, बॅटरीतलं पाणी उकळून टाकतो. घेताना दोन गोष्टी पाहा : बॅटरी एजीएम (पाणी न घालावी लागणारी, सीलबंद जातीची) असेल तर चार्जरला तो मोड हवा, आणि तापमान पाहून व्होल्टेज कमी करण्याची सोय हवी. नवतपात टिनाखाली काय भट्टी पेटते ते तुम्हाला सांगायला नको, आणि तापलेल्या बॅटरीला २५ अंश तापमानासाठी ठरवलेलं व्होल्टेज सतत देणं म्हणजे तिला ओव्हरचार्ज करणं. शेडला हवा खेळती ठेवा, कारण चार्ज होताना बॅटरीतून थोडा हायड्रोजन निघू शकतो.

घरी आणल्यावर एक गोष्ट करून पाहा. चार्जर चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा लावा. काही चार्जर लाइट परत आली की आपोआप सुरू होतात, काही मात्र कोणी बटण दाबेपर्यंत मुकाट बसून राहतात. दुसऱ्या जातीचा निघाला तर बदलून घ्या. वादळात लाइट जाण्याची आपल्याकडे काय कमी?

प्रश्न : आमच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नाही आणि सोसायटी देत नाही. वर्षातून पाच महिने आम्ही पुण्याला असतो. टर्मिनल काढून ठेवलं तर चालेल? (रामदासपेठ)

चालेल, पण बॅटरी आधी पूर्ण भरून मगच काढा. अर्धवट भरलेली बॅटरी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि ते एकदा कडक झाले की कितीही चार्ज करा, विरघळत नाहीत. मल्टिमीटर लावून बघा : भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे धोका. काढताना आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना तेच शेवटी लावायचं. पाना आधी पॉझिटिव्हला लावलात आणि तो बॉडीला टेकला, तर अशी ठिणगी उडते की पुन्हा ती चूक होत नाही.

तुमची गाडी दोन दारांची, काचेला फ्रेम नसलेली असेल, तर काचा बोटभर खाली करून ठेवा. एरवी दार उघडताना अशी काच आपसूक थोडी खाली सरकते. करंट नसला की ती जागची हलत नाही आणि रबरात अडकते.

टर्मिनल काढलेली बॅटरीही स्वतःहून उतरतेच. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. तुमचे पाच महिने उन्हाळ्यातले असतील तर बॅटरी काढून घरात, थंड खोलीत ठेवा आणि मध्ये एकदा कोणाकडून तरी चार्ज करून घ्या. पार्किंग तळघरात असेल तर पावसाळ्याआधी गाडीच वर काढा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा तळघरांतल्या गाड्यांचं काय झालं ते तुमच्या भागाने जवळून पाहिलंय.

प्रश्न : माझ्या पोर्शे बॉक्स्टरची बॅटरी पुढच्या डिकीत आहे. ती पूर्ण उतरली आणि डिकी विजेवर उघडते! आता? (सदर)

ही कोंडी पोर्शेवाल्यांना नवी नाही, कंपनीने तोड देऊन ठेवली आहे. किल्लीने दार उघडा. पायाजवळच्या फ्यूजबॉक्सचं झाकण काढा. आत बाहेर ओढता येणारं लाल टर्मिनल दिसेल. दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीची पॉझिटिव्ह वायर त्याला लावा. निगेटिव्ह वायर दाराचं कुलूप ज्यात अडकतं त्या लोखंडी आकड्याला. अलार्म बोंबलेल, बोंबलू द्या. किल्लीच्या बटणाने बंद होतो. मग डिकीचं बटण दाबा. मॉडेलनुसार जागा थोडी बदलते, म्हणून मॅन्युअल हाताशी ठेवा. एवढ्यावर गाडी स्टार्ट करू मात्र नका, ती वायर फक्त कुलपापुरती आहे.

बॅटरी सावकाश भरा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा. १२.४ च्या खाली आली तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. माझ्या मते मग नवीनच घातलेली बरी. मित्राकडे बीएमडब्ल्यू असेल तर त्यालाही सांगून ठेवा : गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बहुतेक बीएमडब्ल्यूंत बॅटरी बदलली की ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, नाहीतर गाडी नव्या बॅटरीलाही जुनी समजूनच चार्ज करत राहते.

प्रश्न : गाडी जेमतेम आठ हजार चाललीय, टायरची नक्षी नव्यासारखी आहे. समृद्धीवरून मुंबईला न्यायची आहे. जाऊ ना? (मनीषनगर)

आधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर किलोमीटरने जितकं झिजतं तितकंच वयानेही वाळतं, आणि नागपूरच्या उन्हात लवकर. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षीकडे पाहू नका. ७०१ किलोमीटरचा सिमेंट रस्ता, वेगाची मर्यादा ताशी १२० पर्यंत आणि दुपारचं ऊन; तिथे अशा टायरवर मी स्वतः बसणार नाही.

टायर नवे असतील तर पहिले वीस-तीस किलोमीटर हळू चालवा. एकाच जागी उभं राहून टायर तळाशी चपटा होतो आणि स्टिअरिंग थरथरतं. तापल्यावर थरथर गेली तर ठीक, राहिली तर टायर गेला. पुढच्या वेळी उभी करताना टायरमध्ये हवा माणसं-सामानाने पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यापर्यंत भरा, निघताना नेहमीवर आणा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड चिकटतात. गिअर टाका आणि चाकांना लाकडाची उटी लावा.

प्रश्न : टाकी भरून ठेवावी की रिकामी? कव्हर कोणतं? (बेसा)

भरून. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. रिकाम्या जागेत हवा जितकी कमी तितकं बरं. कव्हर सुती, हवा जाऊ देणारं घ्या. प्लास्टिकचं नको, पावसाळ्यात आत घाम धरतो. कूलरची हवा थेट गाडीवर येत असेल तर त्याचं तोंड फिरवा. उंदरांसाठी एअर इनटेक आणि सायलेन्सरच्या तोंडाला जाळी लावा, आणि ‘जाळी काढा’ अशी चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवा.

प्रश्न : गाडी उभीच आहे, तर विमा बंद ठेवून पैसे वाचवावेत का? (महाल)

नको. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. शिवाय आग, पूर, चोरी या गोष्टी उभ्या गाडीलाही लागू आहेत.