हवामान: तुमचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत डॅलसला असते. परवा फोनवर म्हणाली, दुपारी पंखा लावून बसले होते, कोल्ड फ्रंट आला आणि तासाभरात स्वेटर घालावा लागला. आमच्या निफाडला पारा उतरतो तोही असाच का?
– एक वाचक, निफाड

उत्तर: नाही, दोन्हींची तऱ्हा वेगळी. थंड हवा उबदार हवेला रेटत पुढे येते तेव्हा दोघींमधल्या सीमेला शीत आघाडी, म्हणजेच कोल्ड फ्रंट, म्हणतात. थंड हवा जड, म्हणून ती पाचरीसारखी तळाशी घुसते. पाचरीचा उतार ५० ते १०० किलोमीटरला एक किलोमीटर एवढाच. तरी उबदार हवा झपाट्याने उचलली जायला तेवढा पुरतो. बाष्प भरपूर असेल तर उंच गडगडाटी ढग आणि अरुंद पट्ट्यात जोरदार पाऊस. नसेल तर नुसता वारा आणि धूळ.

डॅलसपासून थेट कॅनडापर्यंत उत्तरेकडे आडवा डोंगर नाही, त्यामुळे आघाडीची धार टिकते. ११ नोव्हेंबर १९११ रोजी डॅलसच्या उत्तरेकडच्या ओक्लाहोमा सिटीत दिवसा २८ अंश सेल्सिअस होते, मध्यरात्रीपर्यंत उणे ८. त्या तारखेचा उच्चांक आणि नीचांक एकाच दिवशी नोंदले गेले!

आघाडी ओळखताना एकट्या तापमानावर विसंबू नका. वळवाच्या सरीनेही पारा धाडकन पडतो, पण दुसऱ्या दिवशी उकाडा परत येतो. आघाडी सरकली की आधी घसरत असलेला हवेचा दाब चढू लागतो, नैर्ऋत्येचा वारा वायव्येकडून वाहू लागतो (हे उत्तर गोलार्धात) आणि दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान) खाली जाऊन खालीच राहतो. दवबिंदूची खूण सगळ्यांत भरवशाची.

आता निफाड. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पूर्वेकडे सरकतात, त्यांच्यामागून उत्तरेची कोरडी हवा आपल्याकडे उतरते. इथवर येईतो आघाडीची धार बोथट झालेली असते. खरा पारा उतरतो तो रात्री: आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी, जमिनीची उष्णता निसटते आणि थंड हवा सखल शिवारात साचते. म्हणून ढगाळ रात्री द्राक्षबागेला धोका कमी. निरभ्र, निवांत रात्री मात्र सव्वा मीटर उंचीवरच्या तापमापकात ५ अंश दिसले तरी जमिनीलगत त्याहून कमी असते. ठिबक पहाटे चालवतात ते यासाठीच: विहिरीचे पाणी त्या वेळच्या जमिनीपेक्षा उबदार असते.

प्रश्न: हवामानाच्या नकाशात निळ्या रेषेवर त्रिकोण का असतात?

उत्तर: तीच शीत आघाडी. त्रिकोणांची टोके ज्या बाजूला, तिकडे ती सरकते आहे. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. ‘फ्रंट’ हा शब्द रणभूमीवरूनच उचललेला.