अकीक आणि पायराइट: नव्या संग्राहकाला सल्ला

तुम्ही एकाच वेळी घासून चकचकीत केलेला अकीक आणि पायराइटचे स्फटिक घेतले आहेत, म्हणून आधी हेच सांगतो की या दोघांना एका डबीत ठेवू नका. अकीक म्हणजे सूक्ष्म स्फटिकांची सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच द्रव्य. तिची कठिणता 1 ते 10 च्या मोह्स मापनावर 6.5 ते 7 असते आणि दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत ती थराथराने साचते. या कठिणतेमुळे आणि चिवटपणामुळे प्रयोगशाळांतील खल अकीकाचे करतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड एवढे त्याला पुरते. मात्र भडक गुलाबी किंवा निळा अकीक बहुधा रंगवलेला असतो, तो उन्हात ठेवू नये.

पायराइटची काळजी खरी. ते लोह आणि गंधक यांचे संयुग असून पाण्याच्या सुमारे पाचपट जड असते. ते सोन्यासारखे दिसते, पण बिनचकाकीच्या चिनीमातीवर घासल्यास हिरवट काळी रेघ उमटते, सोन्याची मात्र पिवळीच उमटते. दमट हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होते, पांढरट भुकटी दिसू लागते आणि खालचा कागद, लेबलसुद्धा, जळून जाते. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर पावसाळ्यापूर्वीच स्फटिक हवाबंद डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि त्या पुड्या वेळोवेळी बदला. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाण्याने धुऊ नका. भुकटी दिसलीच, तर तो नमुना त्याच दिवशी इतरांपासून वेगळा करा.