मैदानावरचं विज्ञान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. दप्तरमुक्त दहा दिवसांसाठी ‘बाहेरचं काहीतरी’ करा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. सगळ्यांच्या डोक्यात पेंचची सहल आहे. मागच्या वर्षी नेलं, तर वाघ दिसला नाही म्हणून मुलं हिरमुसली. पैसे झेपले नाहीत म्हणून निम्मी मुलं तर आलीच नव्हती. बस न करता काही करता येईल का? आणि त्याला विज्ञान म्हणता येईल का?

उत्तर : ताई, पेंच यंदा राहू द्या. निम्मा वर्ग घरी ठेवणारी सहल मला कधीच पटली नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी हे दहा दिवस आले. ते एका दमात संपवू नका, वर्षभर पसरून मागा. बाहेरचं विज्ञान खरं उमगतं ते एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्यावर, आणि दर वेळी काहीतरी मोजल्यावर.

सुरुवात शाळेच्या मैदानावर करा. एक मीटरची सरळ काठी, ओळंबा लावून उभी रोवलेली, आणि खडू किंवा चुना. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची, टेपने लांबी मोजून वहीत लिहायची. सावली सगळ्यात आखूड कधी होते, हे आधी मुलांना विचारा. सगळी म्हणतील, बाराला. नोव्हेंबरात ती वेळ 11 वाजून 57 मिनिटांच्या आसपास येईल आणि मुलं आपल्या उत्तरावर खूश होतील. खुशाल होऊ द्या. हाच प्रयोग फेब्रुवारीच्या मध्यावर करा. आता सावली आखूड होईल साडेबाराला दोनेक मिनिटं कमी असताना. घड्याळ तेच, काठी तीच, मग हा अर्धा तास आला कुठून? पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि आस कललेला आहे, म्हणून सूर्याची दुपार घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे सरकते, हे उत्तर लगेच देऊ नका. आठवडाभर मुलांना भांडू द्या. आपण मोजण्यात चुकलो असू म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला मैदानात पळणारी पोरं मी पाहिली आहेत. तुम्ही विचारता ते विज्ञान हेच, ताई.

मधे 22 डिसेंबरला एकदा मोजा. त्या दिवशी नागपुरात मीटरभर काठीची दुपारची सावली साधारण 99 सेंटीमीटर भरते, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच. मे महिन्याच्या अखेरीस, 26 तारखेच्या सुमारास, दुपारी ती पायाशीच गोळा होते. तेव्हा सुट्टी असते, म्हणून ते मोजमाप घरच्या अंगणात करायला सांगा. जुलैच्या मध्यावर पुन्हा तीच स्थिती येते, पण आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं. जमलं तर जमलं.

दुसरं काम झाडांचं. दोन मुलांत एक झाड. शाळेतलं, रस्त्यावरचं, कुणाच्या अंगणातलंही चालेल. दर शनिवारी पाहायचं : कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं, प्रत्येकापुढे नाही, थोडी किंवा भरपूर, एवढंच लिहायचं. कडुनिंब, आंबा, चिंच, पळस घ्या. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं अशाच नोंदी करतात, तुमचा वर्गही त्यात सामील होऊ शकतो. पळसाचं झाड ज्यांच्या वाट्याला येईल, त्यांना होळीच्या आधीपासूनच रोज जावंसं वाटेल.

शाळेबाहेरची एकच फेरी काढा, तीही शहरातच, महापालिकेची ‘आपली बस’ पकडून. सेमिनरी हिल्सवर. तुमच्या पूर्वेकडच्या भागाखाली नाइस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला फार जुना पट्टेदार खडक आहे आणि पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. दोघांची सीमा आपल्या शहरातून जाते, हे नागपूरकरांनाही फारसं ठाऊक नसतं. टेकडीवर उघडा पडलेला बेसॉल्ट काही ठिकाणी कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटत असतो. मुलांना बोटांनी चाचपू द्या. बाहेरचा पापुद्रा बोटांत चुरतो, आतला गाभा टणक लागतो. आपली काळी माती अशीच या दगडातून झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख सापडले, तेही इथल्याच टाकळीला. 19 व्या शतकात नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते गोळा केले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळं होतं, हे मुलांना त्या दगडावर बसवून सांगा. हातोडी मात्र नेऊ नका.

पेंचला आठवीच्या शेवटी न्या. दोन वर्षं झाड पाहिलेली मुलं सागाच्या पानगळीकडेही बघतील.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळा ऑगस्टमध्ये मुलांना झुडपांत, गवतात किडे बघायला नेणार आहे. आजी म्हणते, साप चावेल, पाठवू नका.

उत्तर : पाठवा, पण शाळेला आधी दोन गोष्टी विचारा : पंधरा मुलांमागे निदान एक मोठं माणूस आहे का, आणि जवळचा सरकारी दवाखाना त्यांना ठाऊक आहे का. आजींची भीती खोटी नाही. नाग, मण्यार, घोणस आपल्याकडे आहेत आणि पावसात ते बाहेर पडतात. म्हणून जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, दगड उलटायचा तो काठीने आणि आपल्यापासून दूर, ही शिस्त घरीच घालून द्या. समजा कुणाला चावलाच, तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही; तो हात-पाय हलू न देता, 108 ला फोन करून, थेट मेडिकल किंवा मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं गाठायची. मुलीला चपला नकोत, घोट्यावर येणारे बूट, मोजे आणि पायभर पँट द्या.