किल्ल्याचं जुनं चित्र घेताना आधी भिंग काढा

पहिलंच चित्र घेताय म्हणून सांगतो: किल्ला नंतर बघा, आधी दहापट भिंगातून चित्रातलं आकाश बघा. अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे तांब्याचा पत्रा आम्लाने कोरून केलेली जुनी छपाई, खरं असेल तर रंगाखाली बारीक, वेडंवाकडं जाळं दिसतं, सुकलेल्या चिखलाला भेगा पडाव्यात तसं. ओळीत मांडलेले गोल ठिपके दिसले की ती आजकालची छपाई, मग फ्रेम कितीही जुनाट असो. मी हे पैसे घालवून शिकलो. ‘दौलताबाद, अस्सल’ म्हणून मिरवत आणलेलं चित्र घरी भिंगाखाली धरलं, तर नुसते ठिपके!

तांब्याच्या पत्र्याचा दाबलेला ठसा कडेला शोधाच, पण तो नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांची भारतातली १४४ छापील चित्रं १७९५ ते १८०८ दरम्यान निघाली. त्यातली कित्येक कडा कापून जाड कागदावर चिकटवलेली मिळतात. जलरंगातलं मूळ चित्र वाटावं ही तेव्हाची हौस.

त्याच काळातला इंग्रज चित्रकार विल्यम हॉजेस, त्याचा ग्वाल्हेर सुंदर आहे, पण त्यात मोजमाप शोधायला जाऊ नका. तो गडी वातावरण रंगवतो. डॅनियल मंडळी कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरचं दृश्य कागदावर पाडून गिरवू देणारी पेटी, वापरत, त्यामुळे बुरूज-तटबंदीसाठी माझा भरवसा त्यांच्यावर जास्त. महाराष्ट्रातलंच हवं असेल तर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी ग्रिंडले, त्याच्या १८२६-३० च्या संचातला दौलताबाद बघा.

आणि हो, हे रंग हाताने भरलेले असतात, उन्हाने उडतात. खिडकीसमोर टांगू नका.